दर्शना आवटीचा अर्ज

"ह्या अर्जावर मी सही करणार नाही," आवटी सिस्टर म्हणाल्या आणि कागद माझ्या टेबलावर परत सरकवला.

खरं तर कागदाची गरजच नव्हती. अर्ज कॉम्प्युटरवर येत, 'मंजूर' आणि 'नामंजूर' यांपैकी एक बटण दाबलं की काम भागत असे. पण सिस्टर प्रत्येक अर्जाची प्रिंट काढत, चष्मा लावून वाचत, निळ्या पेनने सही करत आणि मगच बटण दाबत. मी त्यांना त्यावरून चिडवायचो. त्या दिवशी मात्र त्या दोन जिने चढून माझ्या खोलीत आल्या होत्या आणि बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या.

मी नाव वाचलं. दर्शना आवटी.

"अहो, ही तर तुमचीच दर्शना."

"होय की. म्हणून तर सांगायला आले. तिला जतचं द्या, विट्याचं द्या. सांगलीचं देऊ नका."

ह्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, पुण्याच्या एका कंपनीत होतो आणि नाकावर माशी बसू देत नव्हतो. सांगली, जत, विटा आणि तासगाव अशा चार ठिकाणी हॉस्पिटलं चालवणारा एक न्यास होता, त्याचं नाव इथे घेत नाही. त्यांनी तीस वर्षांच्या कागदी फायली स्कॅन करून, टाइप करून, चारही हॉस्पिटलांची माहिती क्लाउडवर एका जागी आणायचं ठरवलं होतं. डेटा वेअरहाऊस म्हणतात त्याला. साधं गोदामच ते. माल भरणारे लोक वेगळे होते, माझं काम दाराचं होतं. कोणी आत यायचं, कुठल्या खणापर्यंत जायचं, कोण कधी येऊन काय बघून गेलं याची नोंद कशी राहायची, हे सगळं मी ठरवून द्यायचं. मी त्यासाठी अकरा नियम लिहिले होते आणि ते मला तोंडपाठ होते.

अशा गोदामात प्रत्येक माहितीला एक मालक नेमावा लागतो. मालकाच्या मंजुरीशिवाय कोणाला काही दिसत नाही. रुग्णांच्या फायलींना मालक शोधताना माझ्या नाकी नऊ आले. एकाही डॉक्टरला वेळ नव्हता. शेवटी मेडिकल डायरेक्टर डॉ. मगदूम म्हणाले, "आवटी सिस्टरला करा की. तिला विचारल्याशिवाय रेकॉर्ड रूममधनं झुरळसुद्धा बाहेर पडत नाही."

शैलजा आवटी पन्नाशीच्या होत्या. मूळच्या वॉर्डातल्या नर्स, पण गेली बावीस वर्षं तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये होत्या. कोणती फाईल कोणी नेली, कधी आणली, हे त्यांच्या रजिस्टरमध्ये असे. पोलिस केसच्या फायली एका लोखंडी कपाटात, आणि त्याची चावी कमरेला. पहिल्या बैठकीत मी त्यांना माझे अकरा नियम समजावले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "हे आम्ही करतोच की ओ. तुम्ही फक्त नाव नवीन दिलंय." मला त्या तिथेच आवडल्या. पुढे सहा महिने त्यांनी मालकपण असं काही सांभाळलं की एकदा खुद्द डॉ. मगदूमांचा अर्ज त्यांनी कारण नीट लिहिलं नाही म्हणून परत पाठवला.

दर्शना त्यांची एकुलती एक मुलगी. वडील ती सातवीत असतानाच गेले होते. तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, हसरी आणि तोंडाळ. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन ती आमच्या जुळवणीच्या टीममध्ये आली होती. आईचा वशिला लागला असं कोणी म्हणालं असतं तर तिने त्याचा गळा धरला असता.

जुळवणी म्हणजे काय ते सांगायला हवं. एकच माणूस हॉस्पिटलात चार वेळा येतो, चार वेळा नवा नंबर मिळतो. ते चारही नंबर एका माणसाचे आहेत हे शोधून एकत्र जोडायचं. त्यात सगळ्यांत किचकट काम बाळांचं. बाळ जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं, म्हणून फाईलवर आईचं नाव पडतं. 'बेबी ऑफ सुरेखा', 'बेबी ऑफ मुमताज'. मग बारसं होतं, तेच बाळ डोस घ्यायला येतं आणि नव्या नावाने नवी फाईल निघते. एकट्या सांगलीच्या हॉस्पिटलात अशी चौदा हजार बाळं बिननावाची पडून होती. ती जुळवायला दर्शनाला सांगलीच्या जुन्या फायली उघडाव्या लागणार होत्या. तिचा अर्ज त्यासाठी होता.

"कारण काय, सिस्टर?" मी विचारलं.

"कारण काय सांगायचं त्यात."

"असं कसं? कारण लिहिल्याशिवाय नामंजूर होतच नाही. परवा त्या फिजिओथेरपीवाल्याला तुम्हीच तीनदा लिहायला लावलंत."

त्यांनी कागद आणखी थोडा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, आईपणा. दर्शना मला हसत हसत सांगायची, "सर, आई मला अजून हाताला धरून रस्ता ओलांडायला लावते." बाईंना पोरगी मोठी झालेली बघवत नाही, तिने आपल्याच खात्यात येऊन आपल्या फायलींना हात लावलेला तर मुळीच बघवत नाही, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची मला तेव्हा फार घाई असे.

"आणि नियमाने बोलायचं तर," मी म्हणालो, "तुम्हाला ह्या अर्जावर निर्णय घेताच येत नाही. नियम सात. नातेवाइकाचा अर्ज आला तर मालकाने बाजूला व्हायचं. तो माझ्याकडे येतो."

"तो नियम नातेवाइकाला फुकटात आत सोडू नये म्हणून केलाय न्हवं तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "मी तर बाहेर ठेवा म्हणतेय."

बोलणं बिनतोड होतं. नियम लिहिताना मी भाच्यापुतण्यांना आत घुसवणाऱ्या लोकांचा विचार केला होता. आपल्याच मुलीला दार लावणारी मालकीण माझ्या डोक्यातही आली नव्हती. पण हार मानायचा माझा स्वभाव नव्हता.

"नियमाला उलटसुलट काही नसतं, सिस्टर. नातं म्हणजे नातं. आणि खरं सांगू का, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पोरगी हुशार आहे, तिला काम करू द्या की."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

त्यांनी माझा चेहरा निरखून बघितला. मग "काही नाही" म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. बसल्यावर पदराने चष्मा पुसला.

"दातार सर, एक विचारते. समजा, एकच फाईल असली. ती तेवढी बाजूला ठेवता येते का? आमच्या कपाटात ठेवायचो तशी."

"कोणाची फाईल?"

"नंबर मी देते. पण तुम्ही उघडायची नाही."

आज मी हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण ते काम दोन मिनिटांचं होतं. नंबर घ्यायचा, एक ओळ लिहायची, ती फाईल सगळ्यांना दिसेनाशी. कोणाला पत्ताही लागला नसता. पण मला त्या वेळी फाईल दिसत नव्हती, समोर बसलेली बाई दिसत नव्हती, मला फक्त माझ्या सुंदर नियमांना पडणारं भोक दिसत होतं.

"येते ठेवता," मी म्हणालो, "पण त्याला लेखी कारण लागतं आणि मगदूम सरांची मंजुरी लागते. असं तोंडी करायला लागलो तर उद्या चेअरमनच्या मेव्हण्याची फाईल लपवा, परवा नगरसेवकाची. मग हे गोदाम कशाला, धर्मशाळाच म्हणायची."

"मगदूम सरांना सांगायला लागेल?"

"हो."

"मग राहू दे."

त्या उठल्या. जाताना नेहमीप्रमाणे दार हळू ओढून घेतलं. मी अर्ज उघडला आणि 'मंजूर' दाबलं. मला बरंही वाटलं, अगदी निःपक्षपाती वगैरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये मायलेकी एका डब्यात जेवत होत्या. त्या रोजच तशा जेवत. दर्शनाने मला हाक मारली.

"सर, थँक यू! सकाळपासून सगळं दिसायला लागलं. ह्या मातोश्रींच्या सहीची वाट बघत बसले असते तर मला म्हातारपणी मिळालं असतं."

"चौदा हजार बाळं आहेत. आत्ताच आभार मानू नकोस."

"पहिली मी मलाच जुळवणार आहे. मी इथंच जन्मलेय की नाही, आई? चौऱ्याण्णव साल."

सिस्टर भाकरी मोडत होत्या. "आधी जतचं संपव," त्या म्हणाल्या.

"आई, तू इथं माझी बॉस नाहीस."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. नवी खिडकी हातात आली की प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव टाकून बघतो, हे मला माझ्या धंद्यात दहा वर्षं माहीत होतं. मी स्वतः नव्या गावात गेलो की मतदार यादीत सुद्धा आपलं आडनाव शोधतो. सिस्टरांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्यांनी माझ्याकडे एकदाच वर बघितलं. तेव्हा तरी मला काही सुचायला हवं होतं. मी ताक आणायला उठलो.

दोन दिवसांनी, चारच्या सुमाराला, दर्शना माझ्या खोलीत आली. नेहमी दार ढकलून शिरणारी मुलगी उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" म्हणाली.

"सर, जुन्या फाईलमध्ये चूक असली तर दुरुस्ती कुणाकडं मागायची?"

"मालकाकडे. म्हणजे तुझ्या आईकडे."

"दुसरं कुणी नाही?"

"का? कसली चूक आहे?"

"एका बाळाच्या फाईलमध्ये दुसऱ्याच बाळाचे कागद लागलेत, असं वाटतंय." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "नाव बरोबर आहे. तारीख बरोबर आहे. पण आतलं... असं होतं ना सर? स्कॅनिंगवाल्यांकडून?"

"होतं की. शंभरात दोन तरी होतातच."

"शंभरात दोन," ती म्हणाली. "म्हणजे चौदा हजारात दोनशे ऐंशी."

"बरोबर. नंबर सांग, मी बघतो."

तिने नंबर सांगितला. सांगून झाल्यावर लगेच म्हणाली, "नको, राहू दे सर. मीच बघते." आणि ती गेली. पण नंबर मी लिहून घेतला होता.

मी फाईल उघडली. बेबी ऑफ शैलजा आवटी. मुलगी. पहिली चार पानं इतर कुठल्याही बाळाची असावीत तशी होती. वजन, रंग, दूध पितं की नाही. पाचव्या पानावर बाळ नऊ दिवसांचं होतं आणि पुन्हा दाखल झालं होतं. अंग निळं पडलेलं, श्वास जेमतेम चालू. खाली बालरोगतज्ज्ञांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं की आईने घरी बाळाच्या तोंडावर उशी दाबून धरली होती, सासूने हात सोडवले. मग बाळाला ऑक्सिजन दिल्याच्या वेळा. मग, आईला मानसोपचार विभागात हलवलं.

सांगायला कसंसंच वाटतं, पण मी पहिल्यांदा काय केलं तर पानांचे क्रमांक तपासले. पाच, सहा, सात, सलग होते. मनगटाच्या पट्टीचा नंबर पहिल्या पानावरचाच होता. रक्तगट तोच. मी अर्धा तास ह्या फाईलमध्ये स्कॅनिंगची चूक शोधत बसलो. एकही सापडली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी तळमजल्यावर गेलो.

रेकॉर्ड रूममधले फायली ठेवायचे घोडे रिकामे झाले होते. फायली गावाबाहेरच्या गोदामात गेल्या होत्या आणि भिंतींवर त्यांच्या उंचीचे मळके पट्टे उरले होते. सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. समोर एक प्रिंट होती. आदल्या दिवशी कोणी कोणती फाईल उघडली याची यादी रोज सकाळी दहाला मालकाकडे जायची. ती सोय माझीच होती, नियम नऊ.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"मंगळवारी तिनं अकरा वेळा उघडली," त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं नाही, त्यांना ती पाठ झाली होती. "बुधवारी चार वेळा. काल दोनदा. आणि काल तुम्ही. अठ्ठावीस मिनिटं."

"सिस्टर, मला माहीत नव्हतं."

"माहीत असायला नकोच होतं तुम्हाला. म्हणून तर नंबर देते म्हटलं होतं."

बाहेर व्हीलचेअर गेल्याचा आवाज आला. ती दूर जाईपर्यंत सिस्टर थांबल्या.

"मी नऊ दिवस झोपले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, रडतंय ते माझं बाळ नाहीच. माझं कुणीतरी नेलंय आणि हे आणून ठेवलंय. अगदी खात्री होती ओ. तुम्ही समोर बसलाय ना, तेवढी खात्री. आता ह्या दुखण्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बाधा झालीय. चाळीस दिवस मी वर होते, तिसऱ्या मजल्यावर. बरी झाले. परत कधी म्हणून काही झालं नाही."

"आणि इथे..."

"तेव्हाच्या मेट्रन मॅडमनी आणलं. वॉर्डात मला पुन्हा घेतलं असतं तर बायका कुजबुजल्या असत्या. मॅडम म्हणाल्या, शैला, तू रेकॉर्ड रूमला बस, म्हणजे तुझी फाईल तुझ्याजवळच राहील. ज्यांना माहीत होतं त्या रिटायर झाल्या. मॅडमही गेल्या. राहिले मी आणि ते कपाट."

"बावीस वर्षं चावी तुमच्याकडे होती." मला राहवलं नाही. "सिस्टर, फाडून का नाही टाकलीत? कोणाला कळलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोललो होतो.

"फाईल फाडायची नसते, सर. लोक यायचे माझ्याकडं. नगरसेवक आलेत, फौजदार आलेत, हे एवढं पान काढा म्हणून. कुणाला काढू दिलं नाही. मग माझं कसं काढू?"

माझे अकरा नियम त्यांच्या ह्या दोन वाक्यांपुढे काहीच नव्हते. ते मला त्या क्षणी कळलं.

"तिला कधीच सांगायचं नव्हतं का?"

"सांगणार होते. लग्न झालं की. मूल व्हायच्या आधी सांगायलाच पाहिजे होतं, हे आईचं मुलीत येऊ शकतं म्हणतात. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. कुठं बसायचं, आधी काय बोलायचं. बाळा, मी आजारी होते, असं सुरू करणार होते." त्यांनी समोरची प्रिंट उलटी करून ठेवली. "फाईलमध्ये तसं सुरू होत नाही. त्यात आधी उशी येते."

मी मान खाली घातली.

"काल घरी काय झालं?"

"काही नाही. जेवलो."

"काही बोलली?"

"आमटीत मीठ कमी आहे म्हणाली."

मी त्यांना म्हणालो की आता तरी तुम्ही तिच्याशी बोला. आजार होता, गुन्हा नव्हता, शिकलेली मुलगी आहे, समजेल. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तिनं विचारलं तर सांगेन. आता मी होऊन सांगायला गेले तर ती म्हणेल, मी वाचलं म्हणून सांगतेस."

वर येऊन मी ती फाईल झाकली. कारण लिहिलं नाही, डॉ. मगदूमांना विचारलं नाही. घड्याळ लावलं नव्हतं, पण दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणखी कोणी उघडली होती का ते तपासलं. कोणी नाही. ज्या एका माणसाला दिसू नये म्हणून त्या बाई दोन जिने चढून आल्या होत्या, त्या एकाच माणसाला ती दिसली होती.

दोन महिन्यांनी दर्शनाला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिने कँटीनमध्ये सगळ्यांना पेढे दिले. मला देताना म्हणाली, "सर, त्या फाईलचं बघितलंत का?"

मी खोटं बोललो. "बघितलं. चूकच होती स्कॅनिंगची. काढून टाकली."

तिने माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं. माझ्याइतकीच तिलाही पानांचे क्रमांक वाचता येत होते.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

माझं काम संपलं, मी पुण्याला परतलो. पुढे तीन-चार ठिकाणी अशीच दारं बसवून दिली. सगळीकडे मी नियम सात बदलून लिहिला, की मालकाने नातेवाइकाला नकार दिला तर तो नकार कारण न देताही चालेल. लोक विचारतात, असं कशाला? मी सांगतो, असू दे.

गेल्या वर्षी मित्राच्या मुलाच्या मुंजीला सांगलीला गेलो होतो. संध्याकाळी वेळ होता, म्हणून विश्रामबागला सिस्टरांच्या घरी गेलो. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. दार उघडल्यावर आतून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला.

"या, या. दर्शना आलीय. मुलगी झाली तिला, सव्वा महिना होईल आता."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खरंच सांगतो. बाळंतपणाला मुलगी माहेरी आली होती. म्हणजे दोघी कधीतरी बोलल्या, रडल्या, झालं गेलं संपलं, असं मी चपला काढता काढता ठरवून टाकलं.

दर्शना बाळाला घेऊन बाहेर आली. कानाला रुमाल बांधलेला, चेहरा भरलेला. "सर! ओळखलंच नाही, केस कुठं गेले?" तेच बोलणं, तोच आवाज. मी बाळ पाहिलं, हातावर नोट ठेवली, नाक कोणासारखं यावर सगळे बोलतात ते बोललो. सिस्टरांनी हात पुढे केले.

"आण इकडं. तू जरा सरांना चहा टाक."

दर्शनाने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. डोकं नीट टेकलंय ना ते बघितलं, टोपडं सारखं केलं. आणि त्यांच्या शेजारीच बसली.

"अगं, चहा."

"टाकते की." ती मला तिच्या नवऱ्याच्या बदलीबद्दल सांगू लागली. छान सांगत होती, मधे हसत होती. सिस्टर बाळाला थोपटत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दर्शनाचा एक हात बाळाच्या पायांवर होता, तो तिने एकदाही उचलला नाही.

सिस्टर कुठलीतरी जुनी ओवी पुटपुटत होत्या, ती थांबली. त्यांनी बाळाला अलगद उचललं आणि मुलीच्या हातात परत दिलं. "घे. मीच टाकते चहा." आणि त्या आत गेल्या. दर्शनाने बाळाला छातीशी घेतलं आणि मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलंय हे तिला कळलं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

निघताना सिस्टर फाटकापर्यंत आल्या.

"बोलणं झालं का कधी?" मी विचारलं.

"नाही."

"सात वर्षांत?"

"फोन रोज येतो. दिवाळीला येते. मला साडी घेते, डोळ्यांचं ऑपरेशन तिनंच करवलं. काही कमी नाही ओ." त्यांनी फाटकाची कडी उघडून धरली. "बाळसुद्धा देते. न्हाऊ घालायला देते, तेल लावायला देते. फक्त खोलीतनं हलत नाही. पाणी प्यायलासुद्धा."

मी म्हणालो, "सिस्टर, माझ्यामुळे..."

"तुम्ही काय तिला वाईट समजू नका, सर," त्या म्हणाल्या. "बरोबर करते ती. मीपण नर्स आहे. तिच्या जागी मी ती फाईल वाचली असती, तर मीपण हलले नसते."